छपराखालचा उन्हाळा

उन्हाळ्याच्या दिवसांत नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव, सोलापूर या शहरांचे जे कमाल तापमान वर्तमानपत्रांतून छापून येते, ते मोकळ्या मैदानात, जमिनीपासून छातीच्या उंचीवर उभ्या केलेल्या, पांढरा रंग दिलेल्या आणि चहूबाजूंनी झडपा असलेल्या एका लाकडी पेटीतील तापमापकाने नोंदविलेले असते. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील, स्कॉटलंडचे अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ही पेटी योजिली. उन्हाचा थेट किरण, तापलेल्या जमिनीची धग आणि कोंडलेली हवा या तिन्हींपासून तापमापकाचे रक्षण व्हावे आणि निव्वळ हवेचे तापमान कळावे, हा तिचा हेतू असून तो सर्वस्वी उचित आहे. परंतु पांढरे छप्पर, दुहेरी झडपा आणि अखंड खेळता वारा ही जी तजवीज आपण एका उपकरणासाठी शंभराहून अधिक वर्षे कटाक्षाने करीत आलो, ती माणसांच्या निवाऱ्यासाठी करावी असे आपल्या सरकारदप्तराला क्वचितच वाटले. पेटीतील पारा ४४ अंश दाखवीत असता त्याच गावातील पत्र्याच्या घरात, दुपारी तीन वाजता किंवा रात्री अकरा वाजता, किती अंश उष्णता असते याची नोंद कोणत्याही खात्याच्या दफ्तरी होत नाही.

हवामानखात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्याही याच बाहेरच्या हवेवर आधारलेली आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्यावाचून लाटेचा विचार होत नाही, आणि त्यापुढे ते सरासरीहून किती अंशांनी चढले हे पाहिले जाते. इशारा देण्यासाठी हा नियम उपयुक्त आहे. तथापि त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला, तो असा की उष्णता हे बाहेरचे संकट असून घर हा त्यावरचा आश्रय आहे. दुपारी घराबाहेर पडू नका, हा आपला सर्वांत जुना आणि सर्वांत अधिक छापला जाणारा सल्ला. ज्याचे घर थंड आहे त्याला तो तारक ठरतो. ज्याचे घरच तापलेले आहे त्याला तो काय उपयोगाचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर जगभरच्या मृत्यूंच्या नोंदींनी फार स्पष्टपणे दिले आहे. २०२१ च्या जूनअखेर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतावर उष्ण हवेचा घुमट बसला आणि लिटन या लहानशा गावी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले. त्या आठवड्यात प्रांतात ६१९ माणसे उष्णतेने दगावली आणि शासकीय चौकशीत असे आढळले की त्यांपैकी ९८ टक्के माणसे घरात, छपराखाली मरण पावली होती. बहुसंख्य वृद्ध होते, निम्म्याहून अधिक एकटे राहत होते. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. त्याची छाननी करणाऱ्या वैद्यकीय संशोधकांना अंथरुणाला खिळलेपण आणि एकटेपण यांच्या जोडीला आणखी एक कारण सापडले, ते म्हणजे इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरचे वास्तव्य. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे बळी पडली, तेव्हाही छपराला लागून असलेल्या खोलीत झोपणाऱ्या वृद्धांना मृत्यूचा धोका इतरांहून अधिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. हवामान, समाज, बांधणी या सर्व बाबतींत एकमेकांशी साम्य नसलेल्या शहरांत बोट शेवटी एकाच जागी येऊन थांबावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आपल्या देशातील पुरावा तर याहून बोलका आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात शहरात नेहमीच्या मानाने १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढील संशोधनातून निष्पन्न झाले. त्याच उन्हाळ्यात तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात उष्णतेने आजारलेली नवजात अर्भके अतिदक्षता कक्षात येऊ लागली. प्रसूतिकक्ष इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलविण्यात आला आणि अशा अर्भकांची संख्या घटली. कोणतेही नवे औषध नाही, कोणतेही यंत्र नाही. खाटा आणि छप्पर यांच्यामधले अंतर तेवढे वाढविले. उष्णतेच्या वैद्यकावर आजवर पुष्कळ लिहिले गेले असले तरी माझ्या मते या साध्या स्थलांतराइतका बोध थोड्याच प्रबंधांतून मिळेल. अहमदाबादेने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला, त्यामागे २०१० च्या उन्हाळ्याची दाहक आठवण होती.

आता हे लक्षात घ्यावे, की शिकागोत किंवा पॅरिसात शेवटच्या मजल्यावर राहणारा हा इमारतीतील अनेकांपैकी एक असतो. परंतु आपल्या खेड्यांत आणि झोपडवस्त्यांत बहुतांश घरे एकमजली आहेत आणि एकमजली घरात राहणारा प्रत्येक माणूस शेवटच्याच मजल्यावर राहत असतो.

छपराला आपल्याकडे एवढे महत्त्व का, याचे कारण आपल्या अक्षांशात आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरावरून, मध्यास मुंबई-पुण्यावरून आणि अखेरच्या आठवड्यात नागपुरावरून सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून जो अलीकडे दाखविला जातो तो हाच. म्हणजे ज्या आठवड्यांत हवा सर्वाधिक तापलेली असते त्याच आठवड्यांत ऊन भिंतींवर न पडता सरळ छपरावर कोसळते. दक्षिणेकडील भिंतीला तेव्हा ऊन जवळजवळ लागतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची भिंत तिसऱ्या प्रहरी तापते, आणि छप्पर मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तापत राहते. इंग्लंड किंवा जर्मनीतील घर तापते ते मुख्यतः तिरप्या उन्हातल्या मोठ्या काचांमुळे, आणि म्हणून तेथील ग्रंथांत खिडकीचा विचार अग्रस्थानी असतो. ते ग्रंथ वाचून आपल्याकडे इमारती बांधणे, किंवा पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांना नखशिखांत काच लावणे, ही दोन्ही एकाच अविचाराची रूपे होत.

निरभ्र आकाशात भर माध्यान्ही एक चौरस मीटर सपाट पृष्ठभागावर सुमारे एक हजार वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. तेव्हा अशा घरकुलाच्या छपरावर, एक हजार वॅटच्या पंचवीस विजेच्या शेगड्या पेटवून पालथ्या घालाव्यात तितकी उष्णता वैशाखातल्या दुपारी येऊन पडते. त्यातील किती परत आकाशात जाईल आणि किती आत उतरेल, हे छपराच्या रंगावर व जाडीवर अवलंबून असते. उघडा, काळवंडलेला काँक्रीटचा स्लॅब आलेल्या उन्हाचा तीनचतुर्थांशाच्या आसपास भाग शोषून घेतो आणि त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. लोखंडी किंवा सिमेंटच्या पत्र्याला जाडी नसल्याने तो ही धग तत्क्षणी खाली फेकतो. चारपाच इंचांचा स्लॅब ती काही तास धरून ठेवतो आणि संध्याकाळी, नेमकी माणसे घरी परतल्यावर, सोडू लागतो. मध्यरात्र उलटली तरी तो निवत नाही, आणि त्याखाली फिरणारा पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलीत राहतो. माणसाचे शरीर विश्रांतीतही सुमारे शंभर वॅट उष्णता निर्माण करीत असते आणि ती सतत बाहेर टाकल्यावाचून त्याचा निर्वाह नाही. दिवसभर ताण सोसलेल्या हृदयाला ती टाकण्याची संधी मिळायची ती रात्री. रात्रच तापलेली निघाली तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात थकव्याने होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, विशेषतः वृद्ध, मधुमेही आणि हृदयरोगी यांच्या बाबतीत, शरीर हार खाते. हवामानखात्यानेही उष्ण रात्रीची वेगळी व्याख्या केली आहे, हे सुचिन्ह होय.

पूर्वी पुरुषमंडळी अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून ही रात्र काढीत, आणि विदर्भ-मराठवाड्यात अजूनही काढतात. परंतु दाट वस्तीत ना अंगण उरले ना गच्ची, आणि जेथे ती आहेत तेथेही स्त्रियांना उघड्यावर निर्धास्त झोपता येत नाही. दार आणि खिडकी लावून त्याच छपराखाली रात्र काढणे त्यांच्या वाट्याला येते, आणि पहाटे उठून त्याच छपराखाली चूल किंवा गॅस पेटविणेही त्यांच्याच वाट्याला येते.

मग आपल्या पूर्वजांनी काय केले होते, असा प्रश्न स्वाभाविकपणे निघतो. मराठवाडा-सोलापुराकडील माळवद आणि खानदेश-वऱ्हाडातील धाबे ही छपरे म्हणजे लाकडी तुळयांवर कामट्या व पाला अंथरून त्यावर हात-दीड हात मातीचा थर दिलेली सपाट पाठ; भिंती दोन-तीन फूट रुंदीच्या, खिडक्या लहान, मध्ये चौक. दिवसाची धग एवढ्या मातीदगडातून आत पोहोचण्यापूर्वी रात्र होत असे. कोकणात याउलट, हवा दमट असल्याने धग अडविण्यापेक्षा वारा वाहता ठेवणे महत्त्वाचे, म्हणून जांभ्याच्या भिंती, उंच उतरते कौलारू छप्पर आणि चारी अंगांनी पडवी. दोन्ही ठिकाणी शहाणपण होते, आणि ते परस्परभिन्न होते. एकाचे अनुकरण दुसरीकडे केल्यास ते व्यर्थ जाईल.

तथापि या घरांचे स्मरणरंजन करणारांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरू नये. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जे सात हजारांहून अधिक लोक मेले, ते मुख्यतः चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या भाराखाली गाडले गेले. ज्या जाडीने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून वाचविले तिनेच एका क्षणात त्यांचा प्राण घेतला. त्यानंतर मराठवाड्यातील माणसाच्या मनात दगड-मातीच्या छपराविषयी भय बसले आणि तो पत्र्याकडे व स्लॅबकडे वळला, यात त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. वाळवी, पावसाळ्यातील गळती, दरवर्षीची डागडुजी आणि इमारती लाकडाचे दुर्भिक्ष्य यांनीही तेच सुचविले. तेव्हा प्रश्न जुन्याकडे परतण्याचा नसून, हलक्या आणि भूकंपात टिकणाऱ्या छपराला माळवदाचा थंडावा कसा द्यावा, हा आहे.

या प्रश्नावर स्वतंत्र भारतात विचार झालाच नाही असे मुळीच नाही. म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुविशारद आणि पुढे केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झालेले ओटो केनिग्सबर्गर यांनी उष्ण कटिबंधातील घरबांधणीवर जो ग्रंथ सहकाऱ्यांसह सिद्ध केला, तो अर्ध्या शतकानंतरही वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती असतो. रुडकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था १९४७ पासून काम करीत आहे. लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या पोटात कौले भरून तो हलका करून दाखविला. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत खोल, दुमजली उंचीच्या सज्जांनी ऊन आणि पाऊस दोन्ही अडविले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून असे निघाले की नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींत राहणाऱ्या भारतीय माणसाला, बाहेरची सरासरी ३० अंश असताना, आत सुमारे २९ अंश तापमानही सुखाचे वाटते. हा सिद्धान्त २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत समाविष्ट झाला. थोडक्यात, आपल्याला बर्फासारखी खोली नको आहे. असह्य ते सह्य व्हावे एवढेच हवे आहे, आणि ते पुष्कळ कमी खर्चात साधते.

उणीव आहे ती कायद्यात, आणि तीही चमत्कारिक तऱ्हेची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि खालच्या मजल्यावरील खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचावा म्हणून दोन इमारतींमधील अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्याने अनुसरला. म्हणजे साथीच्या रोगाने शिकविलेला उजेड-वाऱ्याचा धडा एकदा आपल्या बांधकाम नियमांत उतरला होता. पुढील शंभर वर्षांत तो इतका क्षीण झाला की पुनर्वसन इमारती एकमेकींपासून अवघ्या काही मीटरांवर उभ्या राहिल्या, आणि गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना क्षयरोग आणि उजेड-वाऱ्याचा अभाव यांचा संबंध नव्याने दाखवून द्यावा लागला. जी खोली क्षयाला पोषक ती उष्णतेलाही पोषक, हे सांगण्यास निराळ्या पुराव्याची गरज नाही.

उष्णतेविषयी तर आपल्या विधिमंडळाने उपाय स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे तेरावे कलम कारखान्याच्या भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे व अशा रचनेचे असावे की आतील तापमान शक्य तितके कमी राहील, असे बजावीत होते. आणि त्याच्या मूळ मजकुरात छपराला पांढरा हात देणे, पाणी शिंपडणे, छप्पर उंच करणे, दुहेरी छप्पर घालून मध्ये हवा ठेवणे या उपायांचा नावानिशी निर्देश होता. परंतु हे कलम कारखान्याच्या दारापाशी थांबत होते. सोलापुरात हजारो स्त्रिया घरखेप पद्धतीने आपल्या घरी विड्या वळतात, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून पापड लाटणे, शिलाई, भरतकाम ही कामे पत्र्याखाली चालतात. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना असूनही त्यांच्या छपराला त्या कलमाचा आधार कधी मिळाला नाही. जो अधिकार १९४८ मध्ये गिरणी कामगाराला मिळाला तो आज घरी राबणाऱ्या बाईला मिळू नये, याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

निवासी घरांसाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये इको निवास संहिता प्रसृत केली. तिच्यात छपरातून वाहणाऱ्या उष्णतेला जी मर्यादा घातली आहे, तिच्या जवळजवळ तिप्पट उष्णता उघड्या स्लॅबमधून आत येते. मर्यादा योग्य आहे. पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी योजिलेली आहे आणि राज्यांनी आपापल्या नियमावलीत घेतल्यावाचून तिला बळ येत नाही. ज्यांना तिची निकड सर्वाधिक, ती लहान घरे तिच्या कक्षेबाहेर राहिली. थंड हवेचे देश आता या बाबतीत पुढे जाऊ लागले आहेत. इंग्लंडने २०२२ च्या जूनपासून नव्या घरांसाठी अतितापाविरुद्धचा नियम लागू केला आणि पुढच्याच महिन्यात तेथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटिश कोलंबियाने २०२४ पासून प्रत्येक नव्या घरात निदान एक खोली २६ अंशांवर जाणार नाही अशी रचना सक्तीची केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीसाठी घरातील किमान तापमान १८ अंश ठरविले. उष्णतेसाठी कमाल मर्यादेचा आकडा मात्र दिला नाही. आपण तो ठरवावा आणि कायद्यात घालावा, इतका अनुभव आपल्यापाशी निश्चितच आहे.

उपायांमध्ये वातानुकूलन यंत्राचे नाव प्रथम घेतले जाते. त्याला निषिद्ध मानणे मला मान्य नाही. रुग्णालयातील खाट, अर्भकांचा कक्ष, अंथरुणाला खिळलेला वृद्ध यांना ते मिळालेच पाहिजे. परंतु २०१९ च्या भारतीय शीतलन कृती आराखड्यानुसार देशातील सुमारे आठ टक्के कुटुंबांकडेच ते होते, आणि उरलेल्यांनी ते घेतले तर विजेची मागणी कोठे जाईल याची कल्पना करवत नाही. शिवाय हे यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, ती शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेकते. अमेरिकेतील फिनिक्स शहरात अशा फेकलेल्या उष्णतेने काही भागांत रात्रीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढते, असे एका अभ्यासाने दाखविले. विदर्भाचा कुलर आणि त्यापूर्वीचे वाळ्याचे ताटे यांचे तत्त्व निराळे. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने ते उत्तम थंडावा देतात, पण एप्रिल-मेच्या टंचाईत रोज टाकीभर पाणी मागतात, आणि हवा दमट झाली की निरुपयोगी होतात. मुंबई-कोकणात तर त्यांचा उपयोग नाहीच.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम छप्पर, मग सावली, मग वारा, आणि सर्वांत शेवटी यंत्र. स्वच्छ पांढरे छप्पर ऊन शोषण्याऐवजी त्याचा बहुतांश परत आकाशात धाडते, आणि त्याखालची खोली दोन ते चार-पाच अंशांनी थंड राहते, असा ठिकठिकाणच्या प्रयोगांचा अनुभव आहे. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टने झोपडवस्त्यांतील छपरांवर हे काम केले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात याला आरंभ करण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे सरकारी पैशातून उभी राहणारी घरकुले. मैदानी भागात प्रत्येक घरकुलाला १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरलेले होते. या मंजुरीतच पांढऱ्या छपराची आणि समोरासमोरच्या दोन खिडक्यांची अट घातली, आणि तिच्यासाठी वेगळी रक्कम जोडली, तर नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण उरणार नाही. ग्रामसेवकाच्या तपासणीत जसा शौचालयाचा रकाना आहे तसाच छपराचाही असावा.

वाचकांपैकी ज्यांचे घर स्लॅबचे आणि शेवटच्या मजल्यावरचे असेल, त्यांनी होळीच्या आधी गच्ची झाडून-धुऊन तिला कळीच्या चुन्याचे डिंक मिसळून दोन-तीन हात द्यावेत. पत्र्याला चुना धरत नाही, तेथे बाहेरचे ऊन परतविणारा पांढरा रंग वापरावा. पावसाने चुना धुऊन जाईल, म्हणून हे काम दरसाल करावे. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा न लावता बाहेरून चटई किंवा झडप लावावी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडदा फारसे परतवू शकत नाही. आणि घरातील वृद्ध माणसाची खाट, शक्य असेल तर, वैशाखापुरती खालच्या मजल्यावर हलवावी.